दुसरा भोंगा

इंदूर
९ सप्टेंबर १९९१

प्रिय भागी,

तुझं सांत्वनाचं पत्र मिळालं. चार ओळींचं, आणि त्यातली एक 'जेवणाची हेळसांड करू नकोस' अशी. शाळेतल्या मुलींना तू असंच दटावत असशील. आता तर म्हणे हेडमास्तरीण होऊन निवृत्तही झालीस. इतक्या वर्षांत आपला पत्रव्यवहार म्हणजे संक्रांतीचं कार्ड आणि कुणाच्या लग्नाची खबर. पण हे गेल्यावर आलेल्या सगळ्या पत्रांतलं तुझंच मी उशाशी ठेवलं. का, ते विचारू नकोस.

इथे काही कमी नाही. मुलगा आणि सून नोकरीवर जातात, नातू शाळेत. दुपारी घर रिकामं झालं की मी आडवी होते, डोळे मिटते आणि फिरायला निघते. हसलीस ना? रोज ठाकुर्ली स्टेशनात उतरते. फलाटावर माझ्याखेरीज कुणी उतरत नाही. फाटक ओलांडायचं, बावनचाळीत शिरायचं, आमच्या क्वार्टरच्या दारावर बाबांनी चढवलेली जाई बघायची. बाबा बॉयलरवरून आले की त्यांच्या कपड्यांना कोळशाचा वास आणि दारात जाईचा. ते दोन्ही वास मला अजून वेगळे करता येत नाहीत.

मग पॉवर हाऊसमागचा गरम पाण्याचा पाट. थंडीतल्या सकाळी त्या पाण्यावर वाफ तरंगायची, आठवतं? पलीकडचे बगळे अर्धेच दिसायचे, पाय नसलेले, हवेत ठेवल्यासारखे. आपण पाय सोडून बसायचो आणि तू माझ्याकडून सनावळ्या म्हणून घ्यायचीस. त्या वाफेत पाठ केलेल्या लढाया मला अजून ओल्या वाटतात.

तिथून तुमच्या गावात, तुझ्या घरी. ओटीवर तुझी आई तांदूळ पाखडत बसलेली. मागच्या अंगणात उजव्या हाताला विहीर, तिच्यावर वाकलेला फणस, पुढे भाताची खाचरं आणि त्यांच्या टोकाला खाडी. भरतीला पाणी इतकं वर यायचं की होड्या शेतातून चालल्यासारख्या दिसायच्या. मी रोज तिथवर येते आणि मग कुणीतरी बेल वाजवतं.

भागी, मला परत यायचं आहे. राहायला. मुलगा म्हणतो, "आई, तिथे आता तुझं कोण आहे?" त्याचं बरोबरच आहे. क्वार्टर रेल्वेचं होतं, बदली झाली की सोडायचं. आमच्या नावाचा तिथे दगडसुद्धा नाही. तरी 'तुमचं गाव कुठलं' असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून तेच येतं.

एक खोली बघशील का? भाड्याची. जिथून खाडी दिसेल आणि पॉवर हाऊसचा भोंगा ऐकू येईल अशी.

तुझी
शकू


ठाकुर्ली
२१ सप्टेंबर १९९१

शकू,

पत्र पोचलं. मुद्द्याचं आधी लिहिते. खोली बघणार नाही. तू येऊ नकोस.

कारणं देते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. पाणी दिवसाआड येतं आणि येतं तेव्हा बादल्या घेऊन उभं राहावं लागतं. डास बारा महिने. रस्ता एकदा गटारासाठी खणतात आणि बुजवला की टेलिफोनसाठी. तू ज्या फलाटावर एकटी उतरतेस, तिथे एकटं उतरण्याची सोय आता राहिलेली नाही. तुझं वय माझ्याइतकंच आहे, गुडघेही तसेच असणार.

फाटक आहे. बावनचाळ आहे. जाईचं मला माहीत नाही, मी लोकांच्या दारात डोकावत नाही. माझं घर होतं तिथेच आहे आणि मी तिथेच राहते. मागची विहीर डाव्या हाताला होती. उजव्या हाताला गोठा होता. इतकी वर्षं तू गोठ्यातून पाणी काढते आहेस.

जनाबाई कोळीण अजून पाटी घेऊन दारावर येते. तिला म्हटलं, शकूचं पत्र आलंय. तर म्हणाली, "कोन गो? चालीतली ती? पाटीतली कोलबी उचलून बघायची नि आजीची हाक आयली की टाकून पलायची, ती? जित्ती हाय?" जिवंत आहेस असं मी सांगितलं आहे.

नातवाचा अभ्यास घेत जा. दुपारी झोपणं चांगलं नाही, रात्रीची झोप जाते.

आणि एक. ज्याला गाव सोडताना मागे वळून बघावंसं वाटलं नाही, त्याने चाळीस वर्षांनी तिथे खोली बघायला सांगू नये.

भागीरथी


इंदूर
२० ऑक्टोबर १९९१

प्रिय भागी,

विहीर डावीकडे नेली. सोपं नव्हतं. विहिरीबरोबर फणसही न्यावा लागला, फणसाबरोबर सावली, आणि सावलीतली तुझ्या आजोबांची बाज. दोन-तीन दुपारी त्यातच गेल्या. आता बसलं सगळं नीट. तू म्हणतेस ते खरं, तिकडूनच उन्हं यायची आणि पाणी तळापर्यंत दिसायचं. उजवीकडे ठेवल्यापासून माझ्या विहिरीत कधी ऊन पडलं नव्हतं आणि मला त्याचं नवलही वाटलं नव्हतं.

नातू शाळेतून आला की विचारतो, "आजी, आज कहाँ तक गई थी?" मी म्हणते, फाटकापर्यंत. तो म्हणतो, "कल और आगे जाना." त्याला तो खेळ वाटतो. सुनेला काळजी वाटते. तिने मुलाला हळूच विचारलं, आईंना डॉक्टरांना दाखवू या का. मी ऐकलं. रागावले नाही. तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. आधी वाटलं, सोडून द्यावी. पण आता सोडून द्यायला आपल्याकडे फार आयुष्य नाही.

मागे वळून बघितलं नाही, असं तू कशी लिहितेस? आम्ही निघालो त्या दिवशी मी फाटकाशी उभी होते, भागी. सामानाची बैलगाडी पुढे गेली, बाबा हाका मारत राहिले, धाकट्याला घेऊन आई स्टेशनवर जाऊन बसली. मी गावाच्या वाटेकडे तोंड करून उभी. त्या वाटेने एक म्हैस आली, दोन बायका आल्या. तू आली नाहीस. शेवटी बाबांनी दंडाला धरून नेलं. गाडीत आई भुसावळपर्यंत विचारत होती, "डोळ्यांत कोळशाचा कण गेलाय का गं?" आणि मी हो म्हणत होते.

मी तुला कधी बोलले नाही. वाटलं, तू पुढे शिकणार, कॉलेजात जाणार, तुझ्यापुढे सगळं मोठं पडलेलं. चाळीतल्या मुलीला निरोप द्यायला कशी येशील? तुझी पत्रंही मग तशीच आली, कार्डावर मावणारी. मीही तेवढीच लिहू लागले.

आता हे लिहिलं आणि हलकं वाटलं. आली नसशील. परीक्षेचं वर्ष होतं. पण वळून बघितलं नाही असं म्हणू नकोस. मी वळूनच बघत राहिले, त्याचाच तर आता त्रास होतो आहे.

खोली मला हवीच आहे.

तुझी
शकू


ठाकुर्ली
२७ ऑक्टोबर १९९१

शकू,

दिवाळीपर्यंत उत्तर लिहिणार नव्हते. पण तुझ्या पत्रात एक विधान चुकीचं आहे आणि चुकीचं विधान तसंच सोडायची मला सवय नाही.

मी आले होते.

आदल्या संध्याकाळी पाटाशी तू म्हणालीस, "उद्या दुसऱ्या भोंग्याला फाटकाशी ये, नक्की." दुसऱ्या भोंग्याला मी फाटकाशी होते. हातात फडक्यात बांधलेली बोरं होती, तांदळाची, गुळाची. आईने तुझ्यासाठी तळली होती आणि अजून गरम होती. धुकं होतं. मी सिग्नलच्या खांबाला टेकून उभी राहिले. तुमच्या चाळीत चुली पेटलेल्या दिसत होत्या. तुमच्या दारात वळकट्या बांधून ठेवलेल्या दिसत होत्या. माणूस दिसत नव्हतं.

हाक मारायला दारापर्यंत आले असते. पण तुझ्या आजीने मला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. पाणी दिलं तर ओंजळीत. तू ते विसरली असशील. विसरणं तुला शक्य होतं. मी दारात येऊन उभी राहिले असते तर जाता जाता तुलाच बोलणी बसली असती, म्हणून खांबाशीच थांबले. धुकं विरलं. फाटकवाल्याने दोनदा विचारलं, "कुणाची वाट बघते गो पोरी?" शाळेची वेळ झाली तेव्हा निघाले. बोरं वाटेत एकटीने खाल्ली, सगळी. त्यानंतर आजपर्यंत खाल्लेली नाहीत.

सामान बांधून तयार असताना चाळीतून फाटकापर्यंत तुला येता आलं नाही, याचा जो अर्थ निघत होता तो मी घेतला. मोठ्या घरची आजी, तिची नात. इतकंच.

आता तू लिहितेस की तू तिथे उभी होतीस. दोघी एकाच फाटकाशी उभ्या असतात आणि एकमेकींना दिसत नाहीत, असं होत नाही. केव्हा उभी होतीस? स्पष्ट लिही.

भागीरथी


इंदूर
४ नोव्हेंबर १९९१

भागी,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात इतकी मोठ्याने हसले की सून धावत आली. मग रडले, तेव्हा ती आणखी घाबरली. तिला म्हटलं, काही नाही गं, एका भोंग्याचा हिशेब चुकला होता.

केव्हा म्हणून विचारतेस? दुसऱ्या भोंग्याला! दुपारच्या, जेवणाच्या सुट्टीच्या!

चाळीत पहाटेच्या भोंग्याला 'उठायचा भोंगा' म्हणत. तो कुणी मोजत नसे, कोंबडा मोजत नाहीत तसा. सकाळची पाळी भरायचा तो पहिला. जेवणाचा दुसरा. बाबा जेवायला यायचे तो दुसरा, चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आमची गाडी दुपारनंतरची होती. सकाळी दुसऱ्या भोंग्याला म्हणून तू फाटकाशी होतीस, तेव्हा मी घरात आजीचं देव्हाऱ्याचं गाठोडं बांधत होते. खिडकी पलीकडच्या बाजूला. तू विहिरीसारखी, मी भलत्याच बाजूला बघत होते.

तुमच्याकडे पहाटेचा मोजायचे का? खरंच? तुझे बाबा त्या भोंग्याच्या आधीच उठून खाडीवर गेलेले असायचे, हे मला माहीत होतं. आणि तरी माझ्या डोक्यात कधी आलं नाही! एरवी आपण सुटायच्या भोंग्याला भेटायचो, त्याला गावात आणि चाळीत एकच नाव. आकडा मी आयुष्यात एकदाच घातला.

म्हणजे तू गेल्यावर त्याच खांबाला मी टेकले. खांबाला गुळाचा वास येत होता, असं लिहायचा मोह होतो आहे. पण तू खोडशील.

आजीचं मी विसरले नव्हते. ओंजळीत पाणी घालताना ती तांब्या उंच धरायची आणि तू वर न बघता प्यायचीस. मी दाराआड उभी राहून फरशीकडे बघायची.

काल दुपारी मी पुन्हा गेले. धुकं होतं, तुझ्याकडून घेतलेलं. माझ्या आठवणीत त्या दिवशी लख्ख ऊन होतं. खांबाशी तू उभी होतीस. मी चाळीतून येत होते आणि पोचत नव्हते, पण वाईट वाटत नव्हतं. तू थांबली होतीस ना.

आता मी थांबणार नाही. संक्रांत झाली की निघते. खोली नाही मिळाली तर तुझ्या ओटीवर पथारी टाकेन. फणसाखाली बसून दोघी मिळून भोंगे मोजू, पहाटेपासून.

तुझीच
शकू


ठाकुर्ली
१९ नोव्हेंबर १९९१

शकू,

गावात पहाटेचाच पहिला धरत. जनाबाईला मुद्दाम विचारलं, दुसरा भोंगा कुठला गं? म्हणाली, "सकालचा. पयला पाटंचा. यात इचाराचा काय हाय?" चाळ झोपलेली असताना वाजला म्हणून तो वाजलाच नाही, असं होत नाही. तेव्हा चूक तुमच्या चाळीची. एवढं नोंदवून पुढे जाते.

तू तिकीट काढण्याआधी काही गोष्टी लिहायला हव्यात.

भोंगा वाजत नाही. पॉवर हाऊस बंद झालं. पाटात आता रान माजलं आहे आणि गरम पाणी होतं हे नव्या लोकांना सांगितलं तर ते नम्रपणे हसतात. बंद झाल्यावर सुरुवातीला मला पहाटे जाग यायची आणि मी पडून राहायचे, वाजेल म्हणून. मग जाग येणंही थांबलं.

'माझं घर होतं तिथेच आहे' असं मी तुला लिहिलं. शब्दशः ते खरं आहे. त्या जागी माझ्या पुतण्यांनी, काळुरामच्या मुलांनी, चार मजल्यांची इमारत बांधली. आजोबांच्या नावाने 'दामाजी स्मृती'. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या माझ्या. ओटी होती तिथे स्कूटर उभ्या असतात. विहीर बुजवली. फणस पाडला त्या दिवशी मी शाळेत होते, जाणूनबुजून. सही मीच केली, कुणी हात धरून करून घेतली नाही. पुतण्यांना बायकामुलं आहेत, त्यांना जागा लागते, पाण्याचा नळ घरात लागतो. यात कुणाचं काही चुकलेलं नाही. रडगाणं गाण्यासाठी हे लिहीत नाही.

लिहिते वेगळ्याच कारणासाठी.

तू एकदाच गेलीस आणि जाताना अख्खं गाव बरोबर घेऊन गेलीस. मी कुठेच गेले नाही. माझं रोज थोडं थोडं गेलं. एक दिवस कुंपण, एक दिवस आंबा, एक दिवस वाटेचं वळण. जाताना आवाज होत नाही. भाजी आणायला निघते आणि एखाद्या कोपऱ्यावर पाय थांबतात; इथे काहीतरी होतं. देवचाफा होता की कुणाची पडवी? आठवत उभी राहते. मागून रिक्षावाला ओरडतो, "ओ मावशी, बाजूला व्हा ना, झोपलात काय?" माझ्याच हातून मराठीत नापास झालेला असतो बहुतेक.

बाहेरगावी असलेल्या माणसाला गावाची आठवण येते. गावातच राहून, त्याच जमिनीवर झोपून, गावाची आठवण येते त्याला काय म्हणायचं? आयुष्यभर मराठी शिकवलं. शब्द सापडला नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते बगळ्यांपर्यंत वाचलं आणि दार लावून घेतलं. वाफेतून पाय नसलेले बगळे. मी ते विसरले होते, शकू. मी, जी तिथेच राहते. तुझी विहीर चुकीच्या बाजूला होती, पण तिच्यात पाणी होतं.

म्हणून सांगते, येऊ नकोस. तू आलीस आणि हे पाहिलंस की तुझ्याकडचंही पुसलं जाईल. ठाकुर्ली म्हटलं की तुला स्कूटर दिसतील. मग ते गाव कुठेच राहणार नाही. इंदूरलाच राहा, दुपारी फीर, आणि काय दिसलं ते मला लिहून पाठव. डॉक्टरांकडे जाऊ नकोस. तुला काहीही झालेलं नाही.

आजपर्यंत मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मागते.

भागीरथी


इंदूर
६ जानेवारी १९९२

प्रिय भागी,

मध्ये इतके दिवस गेले. तुला वाटलं असेल, रुसले. नाही. तू सांगितलंस तसं रोज दुपारी फिरत होते, तुला लिहून पाठवायचं म्हणून बारकाईने बघत. आणि बारकाईने बघायला लागले तिथेच घोळ झाला.

तुझ्या आईचा चेहरा येत नाही. कपाळावरचं गोंदण येतं, सूप धरलेले हात येतात, कमरेला खोचलेला पदर येतो. चेहऱ्याच्या जागी माझ्या सासूबाई येतात. आधी मी त्यांना बाजूला केलं, तर तिथे कुणीच राहिलं नाही. दारावरच्या जाईला परवा बोगनवेलीची फुलं आलेली पाहिली. ती आमच्या इथल्या शेजाऱ्यांची. खाडीला पायऱ्या दिसल्या, दगडी, रुंद. त्या महेश्वरच्या घाटाच्या, आम्ही दरवर्षी जायचो तिथल्या. माझ्या ठाकुर्लीत इंदूर झिरपतं आहे, भागी. कधीपासून, कोण जाणे.

तू म्हणतेस मी अख्खं गाव घेऊन गेले. तुझं जातं ते तुला दिसतं तरी. कोपऱ्यावर तुझे पाय थांबतात. माझं गेलेलं मला कळतसुद्धा नाही. त्याच्या जागी दुसरंच काही येऊन बसतं आणि मी त्याला ओळखीचं समजून पुढे जाते.

आणि इथे मला कुणी चुकीचं म्हणत नाही. नातू म्हणतो, "अच्छा, आजी." सून म्हणते, "हो ना आई." सगळे इतके चांगले वागतात की त्या चांगुलपणात मी काहीही बोलू शकते. ठाकुर्लीला समुद्र होता म्हटलं तरी मान हलवतील. विहीर डावीकडे होती असं ठणकावून सांगणारं माणूस जगात एकच आहे, आणि ते मला येऊ नकोस म्हणतं.

तुझं मागणं मला पुरं करता येत नाही. एकटीने ते गाव माझ्याकडून सांभाळलं जाणार नाही. दोघींनी भांडून भांडून थोडंफार राहील, किंवा तेही राहणार नाही. पण गावाचं आता बाजूला ठेव.

मी सरळ विचारते, तू सरळ उत्तर दे. फणस नाही, पाट नाही, भोंगा नाही, विहीर नाही, ओटी नाही. हे सगळं मला कळलं. आता सांग, मी तुला यायला हवी आहे की नको? हो किंवा नाही. कारणं लिहायची नाहीत. नाही म्हणालीस तर तिकीट काढणार नाही आणि पुन्हा विचारणारही नाही. संक्रांतीला कार्ड पाठवत जाईन.

तुझी
शकू


ठाकुर्ली
१३ जानेवारी १९९२

शकू,

हो.

कारणं लिहायची नाहीत असं तूच म्हटलंस, तेव्हा सूचना लिहिते.

सामान कमी आण. भांडी नकोत, भांडी आहेत. गाद्या नकोत. स्वेटर एकच पुरे, इथे थंडी इंदूरची नाही. तुझ्या मुलाला माझा पत्ता स्वच्छ अक्षरांत लिहून दे आणि सांग की आईला डॉक्टरची नव्हे, हवापालटाची गरज होती. सुनेला सांग की तिने काळजी केली हे योग्यच केलं.

ठाकुर्लीला तुझी गाडी थांबत नाही. कल्याणला उतर. उतरलीस की तिथेच बस, पूल चढू नकोस, कुणी 'मावशी, सामान उचलतो' म्हटलं तर नाही म्हण. मी आणि माझा पुतण्या रघु घ्यायला येऊ.

माझ्या आईचा फोटो कधी काढलेला नाही. तिचा चेहरा मी पत्रात लिहायचा प्रयत्न केला. तीन कागद फाडले. समोर बसून सांगेन. नाक काळुरामच्या धाकट्या मुलीने घेतलं आहे, ती खालच्याच मजल्यावर राहते. आधी तिला बघ, उरलेलं मी सांगते.

तुझी खोली आतली. तिची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, त्याला इलाज नाही. खाडी गच्चीवरून दिसते, असं रघुची मुलं सांगत होती. इतक्या वर्षांत मी कधी वर गेले नव्हते. तिथे लोक कपडे वाळत घालतात. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी गेले. पाण्याच्या टाक्यांच्या मधून दिसते, रिबिनीएवढी. भरती होती. सगळ्या इमारतींच्या पलीकडे ती रिबीन उजळलेली होती आणि तिच्यावरून एक होडी चालली होती. होडी दिसत नव्हती, शीड तेवढं दिसत होतं. दोन घरांच्या छपरांवरून हळूहळू सरकत गेलं, कुणी चादर धरून नेत असावं तसं. ते दिसेनासं झालं तरी मी उभी होते. कुणीतरी विचारलं, "टीचर, काही हरवलंय का?" मी म्हटलं, नाही, बघते आहे.

गच्चीच्या पायऱ्यांना कठडा नाही. तू एकटीने चढायचं नाही.

काल रघु विचारत होता, "आत्या, पाव्हणी किती दिवस राहणार?" मी म्हटलं, पाव्हणी कुणी येत नाही. दारावरची पाटी जुनी झाली आहे, ती नवीन रंगवून आण आणि तिच्यावर दोन नावं घाल. त्याने माझ्याकडे बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. पोरगा समजूतदार आहे. संध्याकाळी पाटी घेऊन आला. काळ्यावर पांढरी अक्षरं, ठळक आहेत.

शकुंतला कर्णिक, आणि खाली भागीरथी केणे. नावं आडनावांच्या क्रमाने लावायला सांगितली, शाळेच्या पटावर लावतात तशी. म्हणून तुझं वर आलं आहे. त्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही.

भागी